कॅटलॉग वाढवावा कसा : नव्यानं रुजू झालेल्यांसाठी

अभिनंदन. बॅकअपचं काम तुमच्याकडे आलं, म्हणजे ते आधी ज्यांच्याकडे होतं त्यांना दुसरीकडे बरी नोकरी लागली. जाताना त्यांनी तुमच्या हाती टेपांच्या कपाटाची किल्ली, चिठ्ठीवर लिहिलेला एक पासवर्ड आणि 'सगळं ऑटोमॅटिक आहे, काही बघावं लागत नाही' हे आश्वासन ठेवलं असेल. त्यातली किल्ली चालते.

ही पुस्तिका बॅक्युला चालवणाऱ्यांसाठी आहे. कर्न सिबाल्ड यांनी २००० साली या प्रणालीचं काम सुरू केलं आणि २००२ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. रात्री यावं आणि संगणकांतलं सत्त्व शोषून न्यावं, हे तिचं गमतीनं सांगितलेलं ब्रीद. नावातला ड्रॅक्युला त्यासाठीच. तिच्यातून फुटून निघालेली बॅरिओस ज्यांच्याकडे आहे त्यांनाही पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल. परवाना विकत घेऊन महागडं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कचेऱ्यांत बटणं वेगळी असतात, कॅटलॉग तसाच फुगतो.

ओळख

सर्व्हरवरच्या फायली रात्री टेपवर किंवा डिस्कवर जातात, तो बॅकअप. कुठल्या सर्व्हरची कुठली फाइल कुठल्या रात्री कुठल्या टेपवर कितव्या जागी गेली याची नोंद म्हणजे कॅटलॉग. तो पोस्टग्रेसमध्ये नाहीतर मायएसक्यूएलमध्ये राहतो. एखादी टेप खराब झाली तर तेवढ्यापुरतं नुकसान. कॅटलॉग गेला तर टेपा सगळ्या जागच्या जागी आणि आत काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही. घरोघरी लग्नातल्या आहेराची वही जपतात, तसंच हे. स्टीलचे डबे, चादरी, भिंतीवरची घड्याळं केव्हाच मार्गी लागलेली असतात, पण कुणी काय दिलं याची वही मात्र कपाटात, पिशवीत घालून, वर रबर लावून. उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं तर?

एका फाइलमागे कॅटलॉगात साधारण १५० बाइट जातात. किरकोळ वाटतं. वीस सर्व्हर धरा, प्रत्येकावर पाच लाख फायली. आठवड्याला एक फुल बॅकअप म्हणजे एक कोटी ओळी, दीड जीबी. वर्षाला ५२ कोटी ओळी, ७८ जीबी. यात इंडेक्स धरलेले नाहीत आणि मधल्या सहा रात्रींचे, फक्त बदललेल्या फायलींचे इन्क्रिमेंटलही धरलेले नाहीत. या ५२ कोटींपैकी बहुतेक ओळी एकच बातमी देतात : ही फाइल मागच्या रविवारी होती तशीच आहे.

इथे काही चुणचुणीत मुलांना शंका येते की फुल बॅकअप महिन्यातून एकदाच घेतला आणि मध्ये डिफरन्शियल घेतले तर चालणार नाही का? चालेल. पण पुस्तिकेचं नाव पुन्हा एकदा वाचावं.

मुदती

मूळ कॉन्फिगरेशनमध्ये कुणी काही लिहिलं नाही, तर बॅक्युला फायलींच्या नोंदी ६० दिवस ठेवते, जॉबच्या (एका सर्व्हरच्या एका रात्रीच्या बॅकअपच्या) १८० दिवस, आणि टेपला (किंवा डिस्कवरच्या व्हॉल्यूमला) वर्षभर दुसरं काही लिहायला घेत नाही. तीन मुदती, तीन वेगळ्या कामांसाठी. फाइलची नोंद असेल तर नेमकी ती फाइल निवडून परत आणता येते. ती छाटली गेली आणि जॉबची नोंद उरली, तर त्या रात्रीचा अख्खा जॉब परत आणता येतो, त्यातलं हवं तेवढंच निवडता येत नाही. दोन्ही गेल्या तरी टेपवरचा मजकूर टेपवर असतोच. तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो वाचून नोंदी पुन्हा उभ्या करता येतात, खटाटोप पडतो एवढंच. छाटणी नोंदींची होते, डेटाची नाही. हे ज्या कचेरीत सगळ्यांना कळलं तिथला कॅटलॉग कधी बाळसं धरत नाही. सबब हा परिच्छेद कुणाला मोठ्यानं वाचून दाखवू नये.

आता तिन्ही मुदती एकाच आकड्यावर आणायच्या. आकडा कसा ठरतो ते पाहा. अकाउंट्समधून टिकिट येतं : चार महिन्यांपूर्वीची एक एक्सेल फाइल हवी आहे. साठ दिवस केव्हाच उलटलेले. बैठक बसते.

"किती दिवस ठेवतो आपण?"

"साठ, सर."

"साठच? आणि ऑडिट आलं तर?"

"टेपवर वर्षभर असतं सर, फक्त फाइलची नोंद..."

"अरे, मग नोंद ठेवायला काय जातंय? दहा वर्षं करून टाक."

दहाचा आकडा कायद्यातून आलेला नसतो. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची असतात, आणि ती संगणकावर असतील तर ऑगस्ट २०२२ पासून त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांचे लॉग १८० दिवस. यातला एकही नियम डिझाइन विभागातल्या थंबनेलच्या कॅशेबद्दल अवाक्षर काढत नाही. पण बैठकीत कुणीतरी 'कंप्लायन्स' म्हटलं की खतावणी आणि थंबनेल दोघांनाही सारखाच मान मिळतो.

हिशेबाच्या सर्व्हरसाठी वेगळा पूल, म्हणजे टेपांचा वेगळा गट, करून त्याला आठ वर्षं आणि बाकीच्यांना दोन महिने, अशी सोय बॅक्युलात आहे. पूलमध्ये लिहिलेली फाइलची आणि जॉबची मुदत क्लायंटच्या मुदतीच्या वर चालते. आठ वर्षांच्या पूलमध्येसुद्धा जॉबची नोंद आठ वर्षं आणि फायलींची वर्षभर ठेवली तरी काम भागतं. एवढंच कशाला, एखाद्या पूलमधल्या फायलींची नावं कॅटलॉगात घेऊच नका, असंही सांगता येतं. असले पर्याय बैठकीत मांडायला लागलात तर प्रत्येक विभागाला विचारावं लागेल की तुमचं काय किती दिवस हवं. विभागप्रमुख म्हणतील, विचारून सांगतो. म्हणून 'सगळ्यांना एकच नियम, घोळ नको' असं म्हणून विषय संपवावा. माना डोलतील. कुठली फाइल किती दिवस लागणार हे ठरवण्याची जबाबदारी त्या एका वाक्यानं सगळ्यांच्या डोक्यावरून उतरते आणि उचलायला कॅटलॉग आहेच.

खुराक

सगळ्यात पौष्टिक म्हणजे मेल सर्व्हर, तोही मेलडिर पद्धतीचा. या पद्धतीत प्रत्येक मेल ही वेगळी फाइल. मेल आली की ती 'न्यू' फोल्डरात पडते. वाचली की 'कर' फोल्डरात जाते आणि तिच्या नावाच्या शेपटीला 'एस' हे अक्षर लागतं, म्हणजे सीन. उत्तर दिलं की 'आर'. नाव बदललं की लिनक्सवर फाइलचा सीटाइम (तिच्या माहितीत शेवटचा बदल झाला ती वेळ) बदलतो, आणि बॅक्युलाचा इन्क्रिमेंटल सीटाइमही बघत असल्यानं ती फाइल रात्री नव्यानं उचलली जाते, नव्या नावानं. सोमवारी आलेली, मंगळवारी वाचलेली आणि बुधवारी उत्तर दिलेली 'उद्या कॅन्टीन बंद आहे का?' ही मेल कॅटलॉगात तीनदा येते. मजकूर तोच. कॅन्टीन तोपर्यंत उघडलेलं.

दुसरा खुराक परवानग्यांचा. शेअर्ड ड्राइव्हवर कुणाला तरी फोल्डर उघडत नाही अशी तक्रार आली, की त्या एका फोल्डरापुरतं न बघता थेट वरून, अख्ख्या झाडाची मालकी बदलणारी कमांड चालवावी. फायलींतला एक बाइटही बदलत नाही, पण प्रत्येकीचा सीटाइम पुढे सरकतो आणि त्या रात्रीचा इन्क्रिमेंटल फुलएवढा होतो. शुक्रवारी संध्याकाळी केलेलं उत्तम. शनिवारी-रविवारी कुणी बघायला नसतं.

तिसरे प्रोग्रामर. जावास्क्रिप्टच्या प्रत्येक प्रोजेक्टात 'नोड मॉड्यूल्स' नावाचं एक फोल्डर असतं आणि त्यात हजारोंनी बारीक फायली. एका कमांडनं त्या इंटरनेटवरून पुन्हा उतरवता येतात, त्यामुळे त्यांचा बॅकअप घेण्याचं काहीही कारण नाही. नेमक्या म्हणूनच त्या प्रत्येक प्रोग्रामरच्या होम फोल्डरात, प्रत्येक प्रोजेक्टात आणि 'प्रोजेक्ट_जुना' या फोल्डरात सापडतात.

नावांकडेही दुर्लक्ष नको. बॅक्युला फोल्डरचा मार्ग एकदाच लिहून ठेवते आणि फाइलच्या ओळीत त्याचा फक्त क्रमांक टाकते. काटकसर चांगली आहे, पण तिच्यावर उपाय आहे. दरवर्षी एक एप्रिलला वरच्या फोल्डरचं नाव 'चालू वर्ष' होतं ते 'मागील वर्ष' करावं. त्याच्या पोटातले सगळे मार्ग पुढच्या फुल बॅकअपला नव्यानं लिहिले जातात. नावं मराठीत ठेवल्यास आणखी बरकत. 'फायनल' रोमन लिपीत पाच अक्षरं, पाच बाइट. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये 'अंतिम' पंधरा बाइट घेतं, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अनुस्वार आणि वेलांटीसकट, तीन बाइटांचं असतं. 'अंतिम_सुधारित_खरंच अंतिम' याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. (मराठी नावांनी बॅक्युलाचं काही बिघडत नाही. तिचा पोस्टग्रेस डेटाबेस मुद्दाम अशा एन्कोडिंगमध्ये बनवतात की नावात काय आहे हे तपासलं जात नाही. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टात लिहिलेली, आता कुणालाच न वाचता येणारी नावंही त्यात बिनतक्रार नांदतात.)

छाटणी

बॅक्युलात ऑटोप्रून मुळातच चालू असतो. घाबरायचं कारण नाही. तो एखाद्या क्लायंटचा जॉब संपताना त्याच क्लायंटच्या मुदत संपलेल्या नोंदी छाटतो. ज्या सर्व्हरला तीन वर्षांपूर्वी निरोप देऊन भंगारात काढलं त्याचा जॉब आता लागत नाही; मग त्याच्या नोंदी छाटणार कोण? टेप पुन्हा वापरायला निघाली तर तिच्यासोबत त्या जातात. पण तुम्ही टेपची मुदतही दहा वर्षं केलेली आहे. प्रत्येक जुन्या कॅटलॉगात अशा दिवंगतांची एक वस्ती असते, आणि मोजून पाहिलं तर बऱ्याचदा तीच सगळ्यात दाट निघते. जॉबच्या टेबलात प्रत्येक जॉबनं किती फायली घेतल्या याचा रकाना आहे. क्लायंटवार त्याची बेरीज करणारी चार ओळींची क्वेरी लिहिली की कोण किती खातंय ते चहा निवायच्या आत समजतं. ही क्वेरी लिहू नये.

समजा, वरून दबाव आला आणि टेपांची मुदत कमी करावी लागली. पूलच्या कॉन्फिगरेशनमध्ये दहा वर्षं खोडून एक वर्ष लिहावं, रीलोड द्यावा आणि काम झालं असा मेल टाकावा. कॅटलॉगाला काही होणार नाही. टेपची मुदत तिला पहिल्यांदा लेबल लावलं तेव्हाच तिच्या स्वतःच्या नोंदीत उतरलेली असते. पूलमधला बदल फक्त नव्या टेपांना लागतो. जुन्यांना लावायचा तर कन्सोलमध्ये जाऊन, तिथे हुकुमाची वाट बघणाऱ्या चांदणीसमोर (*) 'अपडेट' म्हणून, पूलमधल्या सगळ्या व्हॉल्यूमना नवी मुदत द्या असं वेगळं सांगावं लागतं. ही पायरी मॅन्युअलमध्ये लिहिलेली आहे, म्हणून सुरक्षित आहे.

आता एक प्रकार असा की तो केवळ वाढवण्याच्या हेतूनं कुणाला सुचला नसता. तुम्ही मनावर घेता. कॅश, थंबनेल, नोड मॉड्यूल्स यांना वगळणाऱ्या चार ओळी फाइलसेटमध्ये, म्हणजे काय उचलायचं याच्या यादीत, लिहिता. अगदी योग्य काम. पण फाइलसेट बदलला की बॅक्युलाच्या दृष्टीनं जुना फुल बॅकअप या नव्या यादीचा नव्हे; ती त्या रात्रीचा इन्क्रिमेंटल आपणहून फुल करते. वीसही सर्व्हरांवर तोच फाइलसेट असेल तर एका रात्रीत वीस फुल. कॅटलॉग आटोक्यात आणायला निघालात आणि सकाळपर्यंत त्यात जवळपास कोटभर ओळींची भर. फाइलसेटातले बदल दुर्लक्षित करा, असं सांगणारी एक ओळ असते. ती बहुतेकांना दुसऱ्या दिवशी सापडते.

'पर्ज' नावाची कमांडही आहे. ती मुदत वगैरे बघत नाही. तिच्या वाटेला जाऊ नये, हे मात्र गंमत सोडून सांगतो.

पुसलं, पण जागा?

एके दिवशी तुम्ही खरोखरच वीस कोटी ओळी छाटता. रात्रभर डिस्क खरखरते. सकाळी उत्साहानं डिस्कचा वापर बघता तर आकडा कालचाच, किंवा थोडा जास्त. पोस्टग्रेसमध्ये ओळ पुसली म्हणजे ती मृत घोषित झाली; जागा टेबलाच्याच नावावर राहते. साधा व्हॅक्युम चालवला की ती जागा पुढच्या ओळींना वापरता येते, पण ऑपरेटिंग सिस्टिमला सहसा परत मिळत नाही. परत हवी असेल तर व्हॅक्युम फुल. तो टेबलाची नवी, आटोपशीर प्रत लिहितो आणि मग जुनी टाकतो. त्यासाठी नव्या प्रतीएवढी मोकळी जागा आधी हवी, आणि तोवर ते टेबल पूर्ण कुलूपबंद. म्हणजे जागा मोकळी करायला मोकळी जागा लागते. ती असती तर तुम्ही या भानगडीत पडला नसता. साहेबांकडे नव्या डिस्कची मागणी करताना कारण 'डेटा कमी करण्यासाठी' असं लिहावं. सही करताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

जुन्या मायएसक्यूएलवाल्यांचं याहून सोपं आहे. ५.६ च्या आधीच्या मांडणीत सगळी टेबलं मुळात एकाच मोठ्या फाइलीत राहायची, आणि ती फाइल फक्त वाढायची. विषय संपला.

एवढं करूनही एक वर्ग शिल्लक राहतो. फाइलची ओळ छाटली तरी ती ज्या फोल्डरात होती त्या मार्गाची नोंद बॅक्युला काढत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या तरी जॉबला तो मार्ग लागत असेल. कुणालाच लागत नसलेले असे अनाथ मार्ग शोधायला 'डीबीचेक' नावाचं साधन येतं. ते मोठ्या कॅटलॉगावर चालवताना योग्य तो इंडेक्स आधी बनवला नाही, तर प्रत्येक मार्गासाठी अख्खं टेबल चाळत बसतं. गणपतीच्या सुट्टीआधी लावून जावं.

सकाळचे साडेनऊ

तुमचा कॅटलॉग वयात आल्याची खूण टेपवर दिसत नाही, वेळेवर दिसते. डेटा रात्री तीनलाच टेपवर जाऊन पडलेला असतो, टेप ड्राइव्ह शांत, आणि जॉब मात्र साडेनऊला ऑफिस भरलं तरी 'चालू' दाखवतो. लॉगमध्ये शेवटची ओळ असते, साठवलेली अ‍ॅट्रिब्युट्स डायरेक्टरकडे पाठवत आहे. म्हणजे लाखो फायलींची नावं आधी एका तात्पुरत्या टेबलात, मग त्यातले नवे मार्ग वेगळे काढून, मग मुख्य टेबलात, आणि प्रत्येक ओळीगणिक इंडेक्समध्येही. इंडेक्स रॅममध्ये मावत होते तोवर हे काम कुणाला जाणवलंही नाही. मावेनासे झाले की जवळपास प्रत्येक नोंदीसाठी डिस्कवर खेप. कुणी विचारलंच तर 'नेटवर्क स्लो आहे' म्हणावं. नेटवर्कवाले नाही म्हणायला येईपर्यंत जॉब संपतो.

कॅटलॉगचा बॅकअप

बॅक्युलासोबत येणाऱ्या नमुना कॉन्फिगरेशनमध्ये रोजचे बॅकअप रात्री ११.०५ ला आणि कॅटलॉगचा ११.१० ला लावलेला असतो. त्याची प्रायॉरिटी बाकीच्यांच्या मागे, म्हणजे सगळ्यांचं झाल्यावरच तो सुरू व्हावा. एक स्क्रिप्ट डेटाबेसचा डंप काढून वर्किंग डिरेक्टरीत ठेवते, जॉब तो उचलतो, दुसरी स्क्रिप्ट डंप पुसते. नेटकी व्यवस्था. कॅटलॉग दोन जीबीचा असताना बनवलेली.

तो दोनशेचा झाला की मधली पायरी रंगतदार होते. वर्किंग डिरेक्टरी आणि पोस्टग्रेस एकाच पार्टिशनवर असतील (बहुतेक ठिकाणी असतात, कारण इन्स्टॉलरनं विचारलं तेव्हा आपण नेक्स्ट दाबलं) तर डंप निम्म्यावर येईतो पार्टिशन भरतं. पोस्टग्रेसला स्वतःचा लॉग लिहायला जागा उरत नाही, ते बंद पडतं आणि रांगेतले सगळे जॉब त्याच्यासोबत. आपली प्रत काढता काढता कॅटलॉगानं अख्खा बॅकअप बंद पाडला, हे नव्या माणसाला पटकन पटत नाही. दोनदा झालं की पटतं.

आता समजा, प्रत नीट निघाली आणि टेपवर गेली. कुठल्या टेपवर, कितव्या जागी? ते कॅटलॉगात लिहिलेलं आहे. कॅटलॉग गेला म्हणूनच तर आपण तो शोधतो आहोत. हा पेच सोडवायला बूटस्ट्रॅप फाइल असते : छोटासा मजकूर, त्यात टेपचं नाव आणि जागा. नमुना कॉन्फिगरेशन ती लिहून ठेवतं, पण त्याच मशीनवर, त्याच वर्किंग डिरेक्टरीत. ती मेलनं बाहेर पाठवायची सोय आहे. जिथे ती वापरली जाते तिथे मेल सर्व्हरचा बॅकअपही याच बॅक्युलात असतो, पण इतक्या खोलात नवशिक्यांनी जाऊ नये.

बूटस्ट्रॅपही नसेल तर बीस्कॅन. टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायची आणि नोंदी पुन्हा उभ्या करायच्या. एलटीओ-८ टेप १२ टीबीची, वेग सेकंदाला ३६० एमबी. म्हणजे एक भरलेली टेप नुसती वाचायला नऊ तासांहून जास्त. चाळीस टेपा असतील तर एका ड्राइव्हवर रात्रंदिवस पंधरा दिवस, तेही टेप बदलायला कुणी रात्री दोनला हजर असेल तर. आणि या पंधरा दिवसांत रोज कुणीतरी येऊन विचारणार, 'झालं का?'

हे सगळं आपल्याकडेच होतं असं समजून खट्टू होऊ नये. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरनं भलत्याच सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली; तीनशे जीबीच्या आसपास डेटा होता, थांबवेपर्यंत साडेचार उरला. मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा डंप निघतच नव्हता, कारण डंप घेणारा प्रोग्राम पोस्टग्रेस ९.२ चा आणि डेटाबेस ९.६ चा. तो रोज अपयशी ठरत होता आणि रोज तसा मेलही पाठवत होता. ते मेल पलीकडचा सर्व्हर परत धाडत होता. शेवटी कामी आला तो सहा तासांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी हातानं घेतलेला स्नॅपशॉट. कंपनीनं हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, त्याबद्दल तिचं कौतुकच करायला हवं. आपल्याकडे अशा घटनेला 'शेड्यूल्ड मेंटेनन्स' म्हणतात.

रिस्टोअर

कधी ना कधी कुणीतरी फाइल मागतंच. घाबरू नये. कन्सोल उघडावं, 'रिस्टोअर' म्हणावं. लांबलचक यादी येते. त्यातला पाचवा पर्याय ताज्या बॅकअपसाठी, सहावा अमुक तारखेआधीच्या. सहावा निवडून तारीख द्यावी. मग 'डिरेक्टरी ट्री बांधत आहे' अशी ओळ येते आणि तिच्यापुढे एकेक अधिकचं चिन्ह उमटायला लागतं. कॅटलॉग लहान असताना ही चिन्हं सरसर पळतात. तुमच्याकडे एक उमटेल, मग पंखा जोरात फिरेल, मग दुसरं. मागे उभ्या असलेल्या अकाउंट्सच्या मॅडम विचारतील, "हँग झालं का हो?" नाही म्हणावं.

नोंदी छाटलेल्या असत्या तर इथे संदेश आला असता की झाडात एकही फाइल नाही, बहुधा तुमच्या मुदतीत छाटल्या गेल्या. सगळंच परत आणू का, हो किंवा नाही? 'हो' म्हणून अख्खा जॉब एखाद्या रिकाम्या डिस्कवर उतरवला असता आणि हवी ती फाइल उचलून दिली असती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम झालं असतं. पण तुमची मुदत दहा वर्षं आहे. झाड बांधलं जातं. फोल्डर सापडतं, फाइल सापडते, आकार, मालक, तारीख, वेळ सगळं बिनचूक, सात वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारचं. तिच्यावर खूण करावी, 'डन' म्हणावं. बॅक्युला टेपचा नंबर सांगते. कपाटाच्या चालणाऱ्या किल्लीनं कपाट उघडावं. टेप आहे, लेबल शाबूत आहे, धूळही विशेष नाही. ती एलटीओ-६ आहे. ड्राइव्ह गेल्या दिवाळीत बदलला, तो एलटीओ-८. हा ड्राइव्ह आठव्या आणि सातव्या पिढीच्या टेपा वाचतो. सहाव्या पिढीला तो ओळखही देत नाही. जुना ड्राइव्ह ई-कचऱ्यात गेला, तसं प्रमाणपत्र फायलीत लावलेलं आहे.

अशा वेळी मॅडमना चहा द्यावा आणि हळूच विचारावं की ही फाइल तेव्हा कुणाला मेल केली होती का. दहातल्या आठ वेळा केलेली असते. त्यांच्याच मेलबॉक्समध्ये, पाठवलेल्या मेलच्या फोल्डरात, सर्च केल्याबरोबर सापडते. टिकिट बंद करताना उपायाच्या रकान्यात 'बॅकअपमधून उपलब्ध करून दिली' असं लिहावं आणि तिमाही अहवालात यशस्वी रिस्टोअरच्या आकड्यात एक वाढवावा. पुढच्या वर्षी डिस्कची मागणी करताना तो आकडा लागतो.